दुरुस्तीची दुरुस्ती

जुनी रायफल शिकारीत खराब होते, असं लोकांना वाटतं. आफ्रिकेच्या रानात वर्षानुवर्षं फिरली, हत्तींच्या मागं चिखलातून गेली, जीपमध्ये धूळ खात पडली, म्हणजे तिची दशा झालीच असणार. माझा अनुभव उलटा आहे. रानानं केलेली इजा बहुधा वरवरची असते: दस्त्यावर काट्यांचे ओरखडे, हातात धरून धरून पांढरी पडलेली नळी, पट्ट्याच्या कडीनं घासलेली जागा. खरी नासाडी घरी होते. कपाटात होते, तेलाच्या बाटलीनं होते, आणि सगळ्यांत जास्त होते ती दुरुस्तीच्या बाकावर. बर्मिंगहॅमच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलींवर मी जे काम करतो, त्यातलं निम्म्याहून जास्त काम म्हणजे आधी कुणीतरी केलेलं काम काढून टाकणं.

हा धंदा मी ठरवून धरला नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अण्णांचं लेथ होतं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करता करता माझा हात बसला. बायको नर्स, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, आणि त्याच सुमारास एका बंदूकवाल्याला स्क्रू करून देणारा माणूस हवा होता. फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "बंदुका? आणि पोलीस धरत न्हाईत व्हय?" धरत नाहीत, पण नोंदवह्या, परवाने आणि कुलपं यांतच माझ्या मालकाचा बराच जीव जातो, एवढं सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

स्क्रू करणारा माणूस वेगळा लागतो, याचं उद्यमनगरात कुणालाही नवल वाटेल. पण जुन्या इंग्लिश बंदुकीचा स्क्रू दुकानात मिळत नाही. त्याचं डोकं मुद्दाम उंच ठेवून तो पक्का आवळतात. जिथं थांबेल तिथं चीर नळीला समांतर येईल अशी खूण करतात, चीर पाडतात, मग डोकं आजूबाजूच्या धातूच्या पातळीला आणतात आणि वर नक्षी कोरतात. असा स्क्रू त्या एका भोकाचाच असतो. चीरही केसासारखी बारीक. घरातला पेचकस तिच्यात घुसत नाही, म्हणून लोक जोर लावतात आणि कडा उडवतात. रायफल हातात आली की मी आधी स्क्रूंची डोकी बघतो. ती फाटलेली असली, तर आत काय वाढून ठेवलं असेल याचा अंदाज येतो.

सगळ्या रायफली इथं सांगत बसत नाही, एकच सांगतो. ती होती .४२५ वेस्टली रिचर्ड्स, म्हणजे याच गावात जन्मलेली. १९०९ साली त्या कंपनीच्या लेस्ली टेलर यांनी हे काडतूस आणलं. तेव्हा मोठ्या जनावरासाठी खरी प्रतिष्ठा दुनळी रायफलीला. पण ती महाग. मळ्यांवरचे मॅनेजर, सर्व्हेवाले, छोटे सरकारी अधिकारी यांना परवडायची ती माऊझरची बोल्ट-ॲक्शन, नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फहून आलेली. मोठ्या काडतुसांसाठी माऊझर लांब आणि रुंद खास ॲक्शन करत असे, पण तिचीही किंमत चढी. टेलर यांनी तोड काढली. काडतुसाचं पोट मोठं ठेवलं आणि बूड मात्र पोटापेक्षा अरुंद, साध्या माऊझरच्या बोल्टात मावेल एवढंच. ४१० ग्रेनची, म्हणजे साडेसव्वीस ग्रॅमची गोळी सेकंदाला २,३५० फूट वेगानं जाणार. हत्तीला पुरणारी ताकद, आणि ॲक्शन नेहमीचीच.

ही रायफल घेऊन आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांचे वडील टांगानिकात घायपाताच्या मळ्यावर होते. रायफल त्यांनी तिकडंच जुनी विकत घेतली होती. रानरेडे आणि हत्ती मळ्यात किंवा मजुरांच्या शेतांत घुसले की ती निघायची. मुलानं आयुष्यात कधी शिकार केली नाही, करणारही नाही. परवाना मात्र रीतसर सांभाळलेला. मला म्हणाले, "होती तशी करून द्या."

होती तशी म्हणजे कधीची? कारखान्यातून निघाली तेव्हाची, की वडिलांच्या हातात होती तेव्हाची? या दोन्हींच्या वर आणखी एक थर होता. रायफल इंग्लंडात आल्यावर कुठल्याशा दुकानानं तिला 'नवी' केली होती. लाकडावर काचेसारखं चकचकीत पॉलियुरेथेन. धातू बफिंगच्या चाकावर धरून घासलेला, त्यामुळं ॲक्शनच्या सरळ धारा गोल झालेल्या, स्क्रूंच्या भोकांभोवती खळगे पडलेले, नळीवरचं नाव अर्धवट पुसलेलं. वर दुर्बीण बसवायला माऊझरच्या माथ्यावर भोकं. दस्त्याच्या टोकाला नारिंगी रबराचा जाड तुकडा. टेबलावर ठेवली तेव्हा आमच्या म्हाताऱ्या स्टॉकरनं, म्हणजे लाकूडकाम करणाऱ्यानं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाला, "हिला हत्तीनं तुडवलं असतं तर कमी काम निघालं असतं."

चाकातून वाचलेले होते ते प्रूफचे शिक्के, कारण ते खोल मारलेले असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ सालचं. इथल्या बंदूकवाल्यांनी स्वतः मागणी करून, स्वतःच्या खर्चानं, संसदेच्या कायद्यानं उभं केलेलं. प्रत्येक नळीतून तिथं नेहमीपेक्षा जड भार उडवतात आणि टिकली तरच मुकुटाचा ठसा मारतात. इमारत अजून बॅनबरी स्ट्रीटवर आहे, काम अजून चालू आहे. आमच्या नळीवर मुकुट होते, आणि शेजारी कॉर्डाइटचा भार व गोळीचं वजन. तरीही शिक्क्यावर विसंबून चालत नाही. मधल्या काळात कुणी काडतूस बसतं ती कोठी खोदून मोठी केली असेल, तर शिक्का खोटा पडतो. म्हणून बिस्मथची मिश्रधातू वितळवून कोठीत ओतली. उकळत्या पाण्याइतकीही उष्णता तिला लागत नाही. थंड होताना ती आधी आकसते, मग हळूहळू फुगते, आणि तासाभरानं बरोबर कोठीच्या मापाची होते. ते माप .४२५ चंच निघालं. इथं तरी कुणी हात घातला नव्हता.

नळी आतून खडबडीत होती, पण पिळाच्या कडा शाबूत. लोक याचा दोष कॉर्डाइटला देतात. शेवयांसारख्या काड्यांची ती दारू नायट्रोग्लिसरीनमुळं फार तापायची आणि नळीचा गळा खायची, हे खरं. पण गंज तिच्यामुळं चढत नसे. गंज यायचा काडतुसाच्या बुडातल्या टोपीच्या पोटॅशियम क्लोरेटमुळं. ते जळून मागं मीठच उरतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. हे तेलात विरघळत नाही. गोळी झाडून झाल्यावर कुणी कितीही प्रेमानं तेल लावलं, तरी त्या तेलाखाली मीठ तसंच राहतं. जुने शिकारी कॅम्पावर परतले की चहाच्या आधी किटलीभर उकळतं पाणी नळीत ओतायचे, ते उगाच नाही. शिक्षकांच्या वडिलांना ते ठाऊक असावं. नसतं, तर इतकं उरलं नसतं.

सगळ्यांत जास्त वेळ लाकडानं खाल्ला, आणि खायलाच हवा होता. माऊझरच्या पुढच्या कड्याखाली एक जाड टाच असते. गोळी सुटताना मागं येणारा धक्का या टाचेनं लाकडाच्या एका लहानशा उभ्या भिंतीवर घ्यायचा असतो. ती भिंत घट्ट असेल तोवर सगळं ठीक. ती दबली, की सगळी ॲक्शन प्रत्येक बाराला किंचित मागं सरकते, आणि तिची मागची निमुळती शेपटी दस्त्याच्या मनगटाजवळच्या, म्हणजे मुठीत धरतात तिथल्या, लाकडात पाचर बनते. अक्रोडाचं लाकूड कितीही चांगलं असो, अशा पाचरीपुढं ते उभं फाटतं. .४२५ च्या बाराची ताकद सुमारे ५,००० फूट-पाउंड. फाटायला फार बार लागत नाहीत.

भिंत दबते कशामुळं? बहुतेक वेळा तेलामुळं. नळीत, बोल्टाला, स्प्रिंगला सढळ हातानं तेल घालायचं, आणि कपाटात रायफल तोंड वर करून उभी ठेवायची. वर्षानुवर्षं ते तेल खाली उतरतं, ॲक्शनखालच्या लाकडात मुरतं, आणि लाकूड आतून काळं, मऊ, भुसभुशीत होतं. आमच्या रायफलीचं झालेलं हेच. शिक्षकांनी दर रविवारी तिला तेल लावलं होतं, वडिलांची आठवण म्हणून. टाचेमागचं लाकूड मी पटाशीच्या टोकानं चाचपलं, तर चीजसारखं निघालं नाही, एवढंच काय ते बरं. खडूची भुकटी आणि ऊब देऊन तेल ओढून काढायचं, परत भुकटी, परत ऊब. भुकटी पिवळी व्हायची थांबली, तेव्हा म्हाताऱ्यानं मऊ भाग कापून अक्रोडाचा नवा ठोकळा बसवला, रेषा जुन्या लाकडाच्या रेषांना मिळवून.

मग काजळीचं काम. रॉकेलच्या दिव्याच्या ज्योतीवर ॲक्शन फिरवून काळी करायची, लाकडात ठेवून हलकेच ठोकायची, उचलायची. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं टेकतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा ठोकणं. सगळ्या भिंतीवर काळं एकसारखं उमटेपर्यंत हेच. आणि शेपटीच्या मागं मात्र मुद्दाम पोस्टकार्डाच्या जाडीची मोकळी जागा ठेवायची, म्हणजे पाचर होणारच नाही. इपॉक्सी ओतून हेच काम एका दुपारी उरकता येतं, आणि धंद्याच्या हिशेबानं ते चूकही नाही. पण इपॉक्सी नंतर काढता येत नाही. पुढच्या माणसाला लाकूडच कापावं लागतं.

मनगटावर पॉलिशच्या खाली जे सापडलं, त्यावरून आमचं नि शिक्षकांचं थोडं वाजलं. पॉलियुरेथेन उतरवल्यावर लाकडात आडवे दोन तांब्याचे खिळे दिसले. दोन्ही बाजूंना डोकी, एका बाजूला वायसर. वरून पुट्टी भरून ते दडवलेले होते. मनगट एकदा आधीच फाटलेलं होतं, आणि टांगानिकातच कुणीतरी ते जोडलं होतं. भोवती ओल्या कातड्याचा पट्टा शिवलेला असावा, त्याच्या सुईची भोकं लाकडावर ओळीनं होती. कातडं ओलं असताना ओढून शिवतात, वाळलं की ते आवळतं. तिकडच्या कारागिराला, फुंडीला, ही जुनी हातोटी. कातडं इंग्लंडातल्या दुकानानं फेकून दिलं असणार.

म्हातारा म्हणाला, खिळे काढून भोकांत लाकडाच्या खुंट्या बसवू, कुणाला कळणार नाही. शिक्षकांनाही तेच हवं होतं. मी अडलो, कारण ते खिळे मी ओळखत होतो. अण्णांच्या लेथाला मोटर नव्हती तेव्हा वरच्या शाफ्टवरून चामड्याचा पट्टा यायचा. तो तुटला की जोडायला असेच तांब्याचे रिवेट वापरायचे, असाच वायसर घालून. घायपाताच्या मळ्यावर पानं सोलून धागा काढणारं मोठं यंत्र असतं, आणि तेही पट्ट्यावर चालायचं. त्या फुंडीनं मळ्यावरच्या यंत्राचे रिवेट घेतले होते. शिवाय भोक पाडताना फाट कुठून कुठं जातेय हे बघून दोन्ही तिरपी पाडली होती, आवळल्यावर लाकूड फाटेला आडवं धरून ठेवेल अशी. त्यानंतर ती जागा पुन्हा उघडलेली नव्हती. नवी फाट दुसरीकडं होती. या रायफलीवरची एकच दुरुस्ती तिचं काम अजून करत होती, आणि नेमकी तीच दडवलेली.

हे मी शिक्षकांना समजावलं, तर ते म्हणाले, "पण ते नीट दिसत नाही." खरं होतं. वेस्टली रिचर्ड्सच्या अक्रोडावर तांब्याची दोन टिकल्यांएवढी डोकी नीट दिसत नाहीतच. गिऱ्हाईक पैसे देतं, रायफल त्याची; फार वेळ अडून बसता येत नाही. मी फक्त फोटो पाठवून द्या म्हटलं, घरात कुणाला दाखवायचे असतील तर. त्यांनी ते थोरल्या बहिणीला पाठवले. तिनं काय लिहिलं ते मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी निरोप आला: खिळे राहू द्या, पुट्टी परत भरू नका.

माथ्यावरच्या भोकांचं सोपं होतं, म्हणजे करायचं काय ते सोपं होतं. वितळजोड मारून भरणं बाद. माऊझरचं पोलाद आतून मऊ आणि वरून कठीण केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो कठीण थर जातो, आणि बार झेलताना बोल्टाच्या टाचा ज्यावर टेकतात ती जागाच मऊ पडते. म्हणून प्रत्येक भोकाला स्क्रू करून बसवायचा, पातळीला आणायचा आणि गप्प राहायचं. भोकांचे आटे अमेरिकन दुर्बिणींचे होते, इंचाला ४८. खालच्या माऊझरच्या नळीचे आटे मात्र व्हिटवर्थचे, ५५ अंशांचे, इंचाला १२. जर्मनीतल्या कारखान्यात, मेट्रिक मोजणाऱ्या देशात, त्यांनी इंग्रजी आटे पाडले होते आणि कधी बदलले नाहीत. ट्रिगर-गार्डचे स्क्रूही तसेच, पाव इंचाचे, इंचाला २२. माझ्यासारख्या लेथवाल्याला यात फार मजा येते. म्हाताऱ्याला अजिबात नाही.

धातूचा रंग हे दुकानानं केलेलं दुसरं पाप. कॉस्टिकच्या उकळत्या हौदात बुडवलं की अर्ध्या तासात पोलाद काळं होतं. पण जुन्या रायफलीची नेम धरायची माशी आणि मागच्या नेमपानांचा ठोकळा नळीवर कथलाच्या डाकानं बसवलेले असतात, आणि कॉस्टिक कथील खातं. शिवाय सांधीत शिरलेलं द्रावण वर्षभरानं पांढरं होऊन बाहेर येतं. आमची माशी बोटानं हलत होती. जुनी रीत वेगळी. नळीची दोन्ही तोंडं बंद करायची, चुन्यानं घासून तेलाचा अंश घालवायचा, त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही. द्रावण पातळ पुसायचं, दमट पेटीत ठेवून तांबूस गंज चढू द्यायचा. मग पाण्यात उकळायचं. तांबडा गंज काळा होतो, बारीक तारेच्या ब्रशनं भुगा झाडायचा, खाली हलका राखाडी थर राहतो. आणि पुन्हा द्रावण. हळूहळू तो रंग खोल होत जातो. पाणी कोणतं, यानंही फरक पडतो. बर्मिंगहॅमला १९०४ पासून वेल्समधल्या एलान खोऱ्यातलं मऊ पाणी येतं, तरी मी बाटलीतलं शुद्ध पाणीच वापरतो. एकदा डाग पडला की सगळं पुन्हा करायचं असतं.

गोल झालेल्या धारा परत आणता येत नाहीत. गेलेला धातू गेला. कानशीनं आणखी काढून धार पाडता येते, पण मग नळीवरचं उरलेलं नावही जातं. ते तसंच सोडलं.

माशीवरचा मणी हस्तिदंताचा होता, तडकलेला. संध्याकाळच्या अंधारात पांढरा ठिपका दिसावा म्हणून तो घालायचे. हत्तीच्या दाताच्या कणातून हत्तीवर नेम धरायचा, याचं त्या काळी कुणाला काही वाटलं नसावं. मला वाटलं. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या म्युझियममध्ये लहानपणी शाळेची सहल गेली होती. भुसा भरलेल्या वाघांसमोर आम्ही पोरं गप्प झालो होतो, आणि मास्तर महाराजांच्या नेमबाजीचं कौतुक सांगत होते. त्या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत होत्या. या कामात त्या मला रोज एकाच बाकावर भेटतात, आणि यातल्या एकीचा दुसरीची सफाई म्हणून वापर करावा असं मला वाटत नाही. ज्यानं चांगलं केलंय त्याचं काम चांगलं म्हणायचं, आणि ते कशासाठी केलं होतं हे विसरायचं नाही. मणी नवा बसवला, तो आफ्रिकी रानडुकराच्या सुळ्याचा. हस्तिदंताच्या व्यवहारावर इथं २०१८ चा कडक कायदा आहे. नसता तरी आणला नसता.

लाकडाला जवसाचं तेल, त्यात रतनजोतीचं मूळ भिजवून आणलेला तांबडा रंग. आमच्याकडं आजी केसांच्या तेलात जे मूळ टाकायची त्याच कुळातलं हे. तळहातानं चोळायचं, जवळजवळ सगळं पुसून टाकायचं, वाळू द्यायचं, परत चोळायचं. जाळीदार खाचा, ज्या पकड यावी म्हणून मनगटावर कोरलेल्या असतात, त्या पॉलिशनं बुजल्या होत्या. एकेक रेघ हातानं पुन्हा उघडली.

शेवटी उरली मगझीन. .४२५ चं बूड अरुंद असल्यानं काडतूस पुरेसं वर आलं नाही, तर बोल्ट त्याच्यावरून घसरत पुढं जातो. रानरेडा समोर असताना ते महागात पडतं. कुणीतरी आतली स्प्रिंग बदलून मऊ घातली होती. मी कडक पट्टी वाकवून नवी केली आणि बनावट काडतुसं सावकाश, जोरात, रायफल आडवी धरून, उलटी धरून, सगळ्या तऱ्हांनी चढवून पाहिली. पहिले बार अंगाशी धरून काढले नाहीत. रायफल स्टँडला बांधली, चापाला दोरी लावली आणि भिंतीमागं उभा राहिलो. मग काजळी लावून पाहिलं. टाच जिथल्या तिथं, शेपटीमागची फट तेवढीच.

शिक्षक न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, आता तेल कोणतं लावू. मी सांगितलं, बोल्टाला एखादा थेंब, नळीत फडकं ओलसर होण्यापुरतं, आणि कपाटात ठेवताना तोंड खाली. "बस्स एवढंच?" त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. रायफल तोंड खाली करून कपाटात बसत नाही म्हणाले. बनवणाऱ्यानं वरच्या खाचा नळीच्या मापाच्या पाडल्यात, दस्ता त्यांत मावत नाही. मी लाकडाचा एक ठोकळा खाच पाडून, आत फेल्ट चिकटवून, टपालानं पाठवून दिला. त्याचं बिल लावलं नाही.